उंबऱ्यापाशी समुद्र: जपानमधील इने गावाची नावघरे

समुद्राच्या पाण्याने रोज जोते भिजावे इतक्या जवळ घर बांधायचे नसते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. भरती कुठपर्यंत येते, उधाणात पाणी किती चढते आणि वादळात लाट कुठवर पोहोचते, याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून पक्का झालेला असतो आणि घर त्या रेषेच्या बरेच मागे बांधले जाते. जपानमधील इने या गावात मात्र सुमारे २३० इमारती अशा आहेत, की ज्यांचा तळमजला सरळ समुद्रात उतरतो. त्यांना ‘फुनाया’ म्हणतात. ‘फुना’ म्हणजे नाव, अर्थात होडी, आणि ‘या’ म्हणजे घर. म्हणजे ही नावघरे. छायाचित्रांत ती पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसतात आणि पाहणाऱ्याला नवल वाटते, पण खरे नवल ती दिसतात कशी यात नसून ती टिकली कशी यात आहे. त्याचे उत्तर शोधताना समुद्राची खोली, वाऱ्याची दिशा, एका बेटाची जागा आणि एका माशाचा प्रवास, अशा बऱ्याच गोष्टींकडे वळावे लागते.

क्योतो म्हटले की आपल्याला जुनी राजधानी, बौद्ध मंदिरे आणि बागा आठवतात. परंतु क्योतो हे जसे शहराचे नाव आहे तसेच ते प्रांताचेही नाव आहे, आणि हा प्रांत उत्तरेला थेट जपानच्या समुद्रापर्यंत जातो. तिथे तांगो नावाचे द्वीपकल्प समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या ईशान्य टोकाला, वाकासा उपसागराच्या पश्चिम कडेला इने वसलेले आहे. चार गावे एकत्र करून १९५४ साली आजची नगरपालिका स्थापन झाली. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या जेमतेम दोन हजार असून क्योतो प्रांतात तिच्याहून कमी वस्तीची नगरपालिका एकच आहे. इथे रेल्वे येत नाही. सर्वांत सोयीचे स्थानक म्हणजे आमानोहाशिदाते, जिथली ३.६ किलोमीटर लांबीची पाइन वृक्षांनी भरलेली वाळूची पट्टी जपानच्या तीन सुप्रसिद्ध निसर्गदृश्यांपैकी एक मानली जाते. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने बसने सुमारे तासभर प्रवास करावा लागतो.

पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीची उंची साडेचार मीटरांहून अधिक नोंदली जाते. जपानच्या पॅसिफिक महासागराकडील किनाऱ्यावर हा फरक साधारण दीड ते दोन मीटर असतो, तर दक्षिणेकडील आरिआके या उथळ समुद्रात तो सहा मीटरांपर्यंत जातो. इनेमध्ये मात्र वर्षभराचा हिशोब धरला तरी पाण्याच्या पातळीत सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर-दोन वितींचाच फरक पडतो. एकाच देशाच्या दोन बाजूंना इतका फरक पडावा, याचे कारण जपानच्या समुद्राच्या घडणीत आहे.

हा समुद्र म्हणजे एक प्रचंड खोल हौद आहे. मध्यभागी त्याची खोली तीन हजार मीटरांच्याही पुढे जाते. पण बाहेरच्या महासागराशी तो ज्या चार सामुद्रधुन्यांनी जोडलेला आहे, त्या सगळ्या अरुंद आणि उथळ आहेत: कोरियाकडची त्सुशिमा, होन्शू आणि होक्काइदो यांच्यामधील त्सुगारू, होक्काइदोच्या उत्तरेची सोया आणि सखालिनजवळची तातार. चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे महासागराचे पाणी चढू लागते, तेव्हा ते या फटींमधून आत शिरायला लागते खरे. परंतु साऱ्या हौदाची पातळी उंचावण्याइतके पाणी आत येण्याआधीच सहा तास संपतात आणि ओहोटी सुरू होते. त्यामुळे बाहेर मोठी भरती असली तरी आत तिची फार थोडी चाहूल लागते. या समुद्राची पातळी तासांपेक्षा ऋतूंच्या हिशेबाने अधिक बदलते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तापून फुगते आणि पातळी सर्वांत वर जाते, हिवाळा संपताना ती सर्वांत खाली येते. ज्या मच्छीमाराला पाणी कुठे थांबणार हे वर्षभर आधीच ठाऊक आहे, तो घराचा उंबरा त्या रेषेपर्यंत नेऊ शकतो.

भरती लहान आहे एवढ्यावर मात्र काम भागत नाही. तसे असते तर जपानच्या समुद्राच्या काठी सगळीकडेच फुनायांच्या रांगा दिसल्या असत्या. या किनाऱ्याचा खरा शत्रू हिवाळा आहे. सायबेरियावरून येणारी कोरडी, अतिशय थंड हवा जपानच्या समुद्रावरून वाहते, तेव्हा खाली त्सुशिमा हा उबदार प्रवाह असतो. थंड हवा त्या पाण्यावरून वाफ उचलते, ढग बनतात आणि जपानच्या डोंगरांना अडून ते हिमवर्षाव व पाऊस बनून कोसळतात. तांगोमध्ये शरदाच्या अखेरीपासून सुरू होणाऱ्या या लहरी हवामानाला ‘उरानिशी’ म्हणतात. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी गारा असा त्याचा खेळ चालतो. ‘जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी म्हण तिकडे आहे आणि ती अजूनही रोजच्या वापरात आहे. या दमट हवेचा एक फायदाही झाला. रेशमाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, दमट हवेत तुटत नाही. म्हणूनच १७२० सालापासून तांगो द्वीपकल्प ‘चिरिमेन’ नावाच्या चुणीदार रेशमी कापडासाठी नावाजले गेले. परंतु दर्याच्या दृष्टीने पाहिले तर हेच वायव्येचे वारे मोठमोठ्या लाटा उठवतात आणि उघड्या किनाऱ्याला झोडपून काढतात.

इनेचा छोटा उपसागर या वाऱ्याकडे पाठ करून बसलेला आहे. जपानच्या समुद्रावरील बहुतेक खाड्यांची आणि उपसागरांची तोंडे उत्तरेला किंवा पश्चिमेला असतात; इनेचे तोंड दक्षिणेला आहे. उरलेल्या तिन्ही बाजूंना डोंगर असून ते जवळजवळ पाण्यातूनच वर चढतात. वायव्येचा वारा डोंगरावरून निघून जातो आणि खालचे पाणी बरेचसे शांत राहते. दक्षिणेचे उघडे तोंडही पूर्ण उघडे नाही. तिथे नेमके आओशिमा नावाचे बेट आहे आणि बाहेरून येणारी लाट त्यावर फुटते. माणसाने कोट्यवधी खर्चून लाटरोधक बांध घालावा, तसा निसर्गाने घातलेला हा बांध आहे. डोंगर जसे जमिनीवर उभे चढतात तसेच पाण्याखालीही ते वेगाने खाली उतरतात, त्यामुळे काठापासून थोड्या अंतरावरच पाणी खोल होते. पाणी खोल असल्याने लाटेला उथळ तळावर चढून उंच होण्याची संधी फारशी मिळत नाही आणि नावही अगदी घरापर्यंत आणता येते.

आओशिमा बेटावर हात लावायचा नाही, हा गावाचा जुना दंडक आहे. बेट सदाहरित वृक्षांनी गच्च भरलेले आहे आणि मच्छीमारांचा देव एबिसू याचे देऊळ त्यावर आहे. बेटाकडे केवळ श्रद्धेच्या नजरेने पाहिले जात नाही. अशा वनाला जपानीत ‘मासे खेचणारे वन’ असे म्हणतात. झाडांची सावली पाण्यावर पडते, पाने आणि किडे पाण्यात गळतात, पावसाबरोबर पोषक द्रव्ये वाहून येतात आणि लहान मासे अशा काठाला धरून राहतात, हे जपानी मच्छीमारांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यामुळे किनाऱ्यालगतचे जंगल तोडायला बंदी घालण्याची प्रथा जपानमध्ये अनेक ठिकाणी आढळते. इनेच्या लोकांनी देव आणि मासा या दोघांच्या नावाने बेट राखले, हे मला त्यांच्या शहाणपणाचे मोठे लक्षण वाटते.

आता फुनायाच्या आत जाऊ. इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे, तो म्हणजे फुनाया हे मुळात राहण्याचे घर नव्हे. कुटुंबाचे खरे घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असते; देवघर, स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या खोल्या तिथे असतात. फुनाया ही नाव ठेवण्याची, जाळी वाळवण्याची आणि मासे साफ करण्याची जागा. मुख्य घराच्या छपराची लांब बाजू रस्त्याकडे असते, तर फुनायाची त्रिकोणी बाजू समुद्राकडे तोंड करते, कारण नाव सरळ आत शिरायला हवी. तळमजल्याची जमीन दगडांनी बांधलेली आणि पाण्याकडे उतरती असते. नाव त्या उतारावरून ओढून आत घेतली, की तिचा पुढचा भाग कोरड्यावर आणि मागचा जवळजवळ पाण्यात राहतो. पाण्याच्या जवळ असणाऱ्या खांबांना आणि पायाच्या लाकडांना ‘शिइ’ नावाच्या टणक झाडाचे लाकूड वापरलेले असते, तर वरच्या तुळया म्हणजे पाइनची न तासलेली, वाकडीतिकडी, जशी वाढली तशीच घातलेली खोडे असतात. आत उभे राहिले तर पायाशी उताराला लागणाऱ्या पाण्याचा हलका आवाज येत राहतो आणि पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड वरच्या तुळयांवर हलत असतो.

नाव आत का ओढायची? नाव लाकडाची असते म्हणून. पाण्यात सतत राहिलेले लाकूड कुजते आणि समुद्रातल्या किड्यांची त्याला भोके पडतात. त्यामुळे लाकडी नाव वारंवार वाळवावी लागते. वरून पाऊस आणि बर्फ पडत असताना ती उघड्यावर वाळणार कशी, हा तांगोच्या हिवाळ्यातला रोजचा प्रश्न होता. म्हणून नावेवर छप्पर घातले गेले आणि त्या छपरातूनच फुनाया जन्माला आली. आधी ही छपरे गवताने शाकारलेली असत आणि वरचा भाग म्हणजे जाळी व दोर टांगण्यापुरता कच्चा माळा असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मासेमारीत चांगला पैसा आला आणि तेव्हा फुनाया दुमजली, कौलारू झाल्या. वरच्या मजल्यावर राहण्याजोग्या खोल्या निघाल्या आणि म्हातारे आईवडील किंवा नवे जोडपे तिकडे राहू लागले.

आज ज्या रस्त्याने आपण या वस्तीतून जातो, तोही फार जुना नाही. पूर्वी मुख्य घर आणि फुनाया यांच्यामध्ये अंगण होते आणि त्या अंगणांमधूनच पायवाट जात असे. शेजारच्या वाडीला जायचे तर पाण्यावरून नावेने जाणे सोपे पडे. १९३० च्या दशकात रस्ता रुंद करण्याचे काम झाले, तेव्हा डोंगराकडे सरकायला जागाच नव्हती. म्हणून फुनाया समुद्राच्या बाजूला पुढे सरकवण्यात आल्या. म्हणजे ज्या दृश्याला आपण अगदी प्राचीन समजतो, त्याची आजची रेषा रस्ता करणाऱ्यांनी आखलेली आहे. मला यामुळे त्या दृश्याचे मोल कमी झालेले वाटत नाही. उलट, गावाने एक सोय स्वीकारताना घर आणि समुद्र यांचे नाते मोडू दिले नाही, हे त्यातून दिसते.

फुनाया दुमजली करण्याइतका पैसा ज्या माशाने दिला, त्याचे नाव बुरी. हा मोठा, जाडजूड, चपळ मासा पूर्व चिनी समुद्राच्या बाजूला अंड्यांतून बाहेर येतो, उबदार प्रवाहाबरोबर उत्तरेला होक्काइदोपर्यंत जातो आणि पाणी थंड होऊ लागले की परत दक्षिणेकडे निघतो. उत्तरेच्या पाण्यात भरपूर खाल्ल्याने परतीच्या वाटेवर तो चरबीने पुष्ट झालेला असतो आणि हिवाळ्यात नेमका तांगोच्या किनाऱ्याजवळून जातो. इने, तोयामा प्रांतातील हिमी आणि पश्चिमेकडील गोतो बेटे ही बुरीच्या मासेमारीची जपानमधील तीन नामांकित ठिकाणे समजली जातात. या माशाचे नाव वयाप्रमाणे बदलते. पश्चिम जपानात लहान पिल्लाला त्सुबासू, थोडे वाढल्यावर हामाची, मग मेजिरो आणि पूर्ण वाढल्यावरच बुरी म्हणतात. जणू बढती मिळत जाते, म्हणून हा मासा शुभ मानला जातो आणि नववर्षाच्या पानात त्याला मानाची जागा असते.

बुरी पकडण्यासाठी इनेचे लोक समुद्रात त्याच्या मागे धावत नाहीत. ते वाटेत जाळे उभे करून थांबतात. ‘तेइची-आमी’ म्हणजे एकाच जागी कायम ताणून ठेवलेले जाळे. त्याचा एक भाग म्हणजे किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे जाणारी जाळ्याची लांबच लांब भिंत. किनाऱ्याला धरून चाललेल्या माशांच्या थव्याला ही भिंत आडवी येते, तेव्हा थवा सहजप्रवृत्तीने खोल पाण्याकडे वळतो आणि भिंतीच्या कडेने पोहत पोहत पुढच्या मोठ्या बंदिस्त जाळ्यात शिरतो. तिथून आणखी आतल्या, निमुळत्या कप्प्यात. पहाटे नावा जातात, शेवटचा कप्पा हळूहळू वर उचलतात आणि मासे काढून घेतात. आत शिरलेल्या माशांपैकी बरेच मासे आल्या वाटेने परतही जातात. त्यामुळे ही पद्धत समुद्र खरवडून काढणाऱ्या जाळ्यांच्या तुलनेत सौम्य मानली जाते, शिवाय जाळे बंदरापासून जवळ असल्याने इंधन कमी लागते आणि मासा ताजा येतो. एवढे मोठे जाळे एकट्या कुटुंबाला परवडण्यासारखे नसते. म्हणून मासेमारीचे हक्क पूर्वी गावात वाट्यांनी विभागलेले होते. ज्याच्याकडे वाटा, त्यालाच हक्क, अशी ती व्यवस्था होती. आज हे काम सहकारी संस्थेच्या आणि कंपनीच्या रूपाने चालते.

या उपसागरात देवमासेही येत. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इनेमध्ये त्यांची शिकार झाली. देवमासा आत शिरला, की आओशिमाच्या दोन्ही बाजूंच्या वाटा जाळ्यांनी अडवल्या जात. बेटावर देवमाशांसाठी उभारलेली थडगी आहेत. ज्या जिवावर गावाचे पोट भरले त्याच्यासाठी दगड उभा करण्याची ही रीत जपानच्या अनेक देवमासेमारी गावांत दिसते.

रोजच्या जगण्यातला समुद्र याहून बराच लहान आणि घरगुती आहे. फुनायाच्या उतारावर उकिडवे बसून मासा साफ केला, की डोके, काटे आणि आतडी टाकून दिली जात नाहीत. ती ‘मोंदोरी’ नावाच्या पिंजऱ्यात भरतात आणि दोरीने तो पिंजरा फुनायाच्या पुढच्या पाण्यात सोडतात. खाण्याच्या वासाने लहानमोठे मासे त्याच्या निमुळत्या तोंडातून आत जातात आणि बाहेर पडू शकत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोरी ओढली, की आमटीपुरते किंवा भाजण्यापुरते मासे मिळतात. गावात मासळीचे दुकान नाही, कारण त्याची गरज नाही. सकाळी मोठ्या जाळ्याच्या नावा परत आल्या, की बंदरावर ‘हामाउरी’, म्हणजे किनाऱ्यावरची विक्री होते आणि गावातली माणसे हातात बादली घेऊन तिथे येतात. जास्तीचा बांगड्यासारखा मासा मिठात मुरवून तांदळाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने दाबून ठेवतात. त्याला ‘हेशिको’ म्हणतात. तो इतका खारट आणि चविष्ट असतो की एका पातळ तुकड्यावर भाताची वाटी संपते. वस्तीच्या मधोमध १७५४ साली सुरू झालेली साके, म्हणजे तांदळाचे मद्य, गाळणारी एक भट्टीही आहे. तिथली तांबड्या तांदळापासून केलेली गुलाबी रंगाची साके देशभर प्रसिद्ध झाली आहे.

उन्हाळ्यात, जुलै महिन्यात इनेची जत्रा भरते. ज्या वर्षी मासळी भरपूर मिळालेली असते त्या वर्षी नावा एकमेकींना जोडून त्यांवर सजवलेले रथ उभारले जातात आणि मिरवणूक पाण्यावरून निघते. वर्ष बेताचे गेले, तर जत्रा साधेपणाने होते.

इने म्हणजे फक्त हा उपसागर नव्हे, हेही सांगायला हवे. नगरपालिकेच्या उत्तर भागात डोंगराच्या उतारावरून समुद्राकडे उतरणारी भाताची खाचरे आहेत. होंजो या भागात उराशिमाचे देऊळ आहे. कासवाच्या निमित्ताने समुद्रापलीकडच्या लोकी गेलेला, तिथे थोडा काळ राहून परतलेला आणि परत आल्यावर गावात शेकडो वर्षे उलटून गेल्याचे पाहणारा उराशिमा हा जपानमधील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेला नायक आहे. आठव्या शतकातल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात त्याची नोंद आहे आणि त्यात सांगितलेले त्सुत्सुकावा हे ठिकाण आजच्या इनेच्या हद्दीत येते.

आजच्या इनेसमोरचा प्रश्न भूगोलाने सुटण्यासारखा नाही. नावा आता फायबरच्या झाल्या आहेत. त्या कुजत नाहीत, त्यामुळे वाळवाव्या लागत नाहीत, आणि त्या इतक्या मोठ्या असतात की जुन्या फुनायाच्या दारातून आत जातच नाहीत. ज्या कारणासाठी फुनाया बांधली गेली ते कारणच नाहीसे झाले. त्यातच दर दहा रहिवाशांपैकी चारांहून अधिक जण ६५ वर्षांपलीकडचे आहेत आणि तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी बाहेर जातात. रिकामी राहिलेली लाकडी इमारत खाऱ्या हवेत फार दिवस तग धरत नाही.

२००५ साली जपान सरकारने इनेच्या वस्तीला परंपरागत वास्तूंचा महत्त्वाचा जतन-विभाग म्हणून मान्यता दिली. मच्छीमारांच्या वस्तीला असा दर्जा देशात पहिल्यांदाच मिळाला. या निर्णयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची हद्द. ती घरांपाशी थांबत नाही. सुमारे ३१० हेक्टरांच्या या विभागात मागचे डोंगर, आओशिमा बेट आणि उपसागराचे पाणीही येते. बाहेरून दिसणारा बदल करायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते आणि डागडुजीसाठी सरकारी मदत मिळते. आतून मात्र फुनाया बदलू शकते. काही फुनायांमध्ये वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत, काहींमध्ये चहाची छोटी दुकाने निघाली आहेत.

गेल्या काही वर्षांत परदेशी प्रवाशांचा लोंढा वाढला आणि त्याबरोबर वेगळ्या अडचणी आल्या. रस्ता एकाच गाडीपुरता अरुंद, थांबायला जागा नाही आणि दोन फुनायांमधील मोकळी फट ही कोणाच्या तरी घराची खाजगी जागा असते, हे छायाचित्रे काढायला आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावरून तर फुनायांच्या पाठीच दिसतात. त्यांची समुद्राकडची बाजू पाहायची असेल तर पाण्यावरून जाणारी फेरीबोट घ्यावी किंवा समोरच्या काठावर जाऊन उभे राहावे. तिथून लक्ष देऊन पाहिले, तर मोठी नाव बाहेर दोरीने बांधलेली दिसते. आत, रिकाम्या झालेल्या उतारावर, माशांच्या पेट्या आणि उलट्या घातलेल्या बादल्या ठेवलेल्या असतात, आणि एखाद्या खांबाला बांधलेली मोंदोरीची दोरी पाण्यात उतरलेली असते.